डेटाबेस सर्व्हरचा 'सिस्टिम' सीपीयू ७० टक्क्यांवर, डिस्क मात्र निवांत. शोध कुठून सुरू करू?

नाट्यवेडा
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या नाटकांची तिकिटं देणारं एक ॲप आमची छोटी टीम सांभाळते. बालगंधर्व, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, चिंचवडचं रामकृष्ण मोरे अशा ठिकाणचे प्रयोग असतात. एरवी सगळं सुरळीत चालतं. पण एखाद्या गाजणाऱ्या नाटकाचा प्लॅन, म्हणजे खुर्च्यांची विक्री, सकाळी नऊला उघडला की डेटाबेस सर्व्हर अक्षरशः गुदमरतो.

मशीन ३२ कोअरची, १२८ जीबी रॅम. डेटाबेस पोस्टग्रेस १४, त्याची सामायिक कॅश, म्हणजे शेअर्ड बफर्स, ३२ जीबी. डेटा एकूण ४० जीबीसुद्धा नाही. पुढे पीएचपीचे तीन ॲप सर्व्हर.

'टॉप'मध्ये त्या वेळी यूजर १५ टक्के, सिस्टिम ६८ ते ७२, आयओ-वेट (डिस्कसाठी थांबणं) शून्य. एरवी २ मिलिसेकंदांत येणारी क्वेरी सेकंदभर घेते. अर्ध्या तासानं सगळं आपोआप निवळतं, पण तोवर चांगल्या खुर्च्या मिळवायला आलेले लोक वैतागून गेलेले असतात. निर्माते फोन करतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. स्लो क्वेरी लॉगमध्ये एकही क्वेरी वेगळी उठून दिसत नाही, त्या वेळेत सगळ्याच संथ असतात.

डिस्क नाही, क्वेरी नाही, मग कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एवढं करतंय तरी काय? हे बघायचं कसं?

इंडेक्सवाला
आधी एक्सप्लेन ॲनालाइझ टाका, क्वेरी कशी चालते ते दिसेल. दहातल्या नऊ वेळा इंडेक्स नसतो. खुर्च्यांच्या टेबलवर प्रयोग क्रमांक आणि स्थिती असा जोड-इंडेक्स आहे का?

नाट्यवेडा
आहे. ती क्वेरी इंडेक्सच वापरते, मोजून दीडेक मिलिसेकंद. गर्दी नसताना.

कर्नलकाका
इंडेक्सवाला, इथे थोडं थांबू या. यूजर आणि सिस्टिम हे दोन आकडे वेगळी कहाणी सांगतात. क्वेरी फालतू ओळी तपासत बसली, सॉर्ट करत बसली, तर पोस्टग्रेसचा स्वतःचा कोड चालतो आणि यूजरचा आकडा वाढतो. इथे यूजर १५ आणि सिस्टिम ७०. म्हणजे पोस्टग्रेसचं काम थोडंच चाललंय, आणि ते काम व्हावं म्हणून कर्नल जी उस्तवार करतंय तिच्यातच मशीन खर्ची पडतेय. ही उस्तवार म्हणजे काय ते कळेपर्यंत एकाही सेटिंगला हात लावू नका.

नाट्यवेडा, पुढचा प्लॅन उघडेल तेव्हा एवढं टिपून ठेवा:

व्हीएमस्टॅट दर सेकंदाला. त्यातले 'सीएस' आणि 'आयएन' हे रकाने, म्हणजे कॉन्टेक्स्ट स्विच (सीपीयूनं एक प्रोसेस सोडून दुसरी घेणं) आणि इंटरप्ट. सोबत रन क्यू, म्हणजे सीपीयूसाठीची प्रोसेसची रांग.

सार, स्मॉल डब्ल्यू पर्यायासह. सेकंदाला किती नव्या प्रोसेस जन्मतात ते त्यात दिसतं. हा आकडा बहुतेक लोक बघतच नाहीत.

मेमइन्फो फाइलमधली 'पेजटेबल्स' ही ओळ, म्हणजे कोणत्या प्रोसेसची मेमरी कुठे आहे ते नोंदवणाऱ्या टेबलांनी घेतलेली जागा. गर्दीच्या आधी एकदा, गर्दीत एकदा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, परफ टॉप. किंवा परफ रेकॉर्डनं अर्धा मिनिट अख्ख्या मशीनचा नमुना घ्या, कॉल स्टॅकसकट. कर्नलमधल्या कोणत्या फंक्शनमध्ये वेळ जातोय ते नावानिशी कळेल. त्याचा फ्लेम ग्राफ, म्हणजे कुठे किती वेळ गेला त्याचं चित्र, काढलात तर उत्तमच.

एस-ट्रेस लावू नका. प्रत्येक सिस्टिम कॉलला, म्हणजे कर्नलकडे केलेल्या प्रत्येक मागणीला, तो प्रोसेस थांबवतो, आधीच दमलेला सर्व्हर त्यानं आडवा होईल.

हिंजवडी_फेज३
क्लाउडवर असाल तर ६४ कोअरची मशीन घ्या. दोन क्लिकचं काम आहे, एवढा खल कशाला?

स्वाती_बाणेर
@हिंजवडी_फेज३, खल करायला हवा, कारण कर्नलच्या आतल्या कुलपासाठी भांडण चाललं असेल तर कोअर वाढवल्यावर भांडणारे वाढतात. ३२ जण एका कुलपापाशी ताटकळत होते, तिथे ६४ होतील. बिल दुप्पट आणि नऊ वाजताचं रडगाणं तेच.

तळजाई_टेकडी
माझी पैज ट्रान्सपरंट ह्यूज पेजेसवर. रेड हॅट ६ च्या जमान्यात आम्ही हे भरपूर भोगलंय. कर्नल मेमरीची ४ केबीची पानं गोळा करून २ एमबीचं सलग पान बनवायला बघतं, मेमरी विखुरलेली असली की ती आवरत बसतं, आणि त्या आवराआवरीत सिस्टिम सीपीयू आभाळाला टेकतो. परफमध्ये 'कॉम्पॅक्शन' किंवा 'आयसोलेट फ्रीपेजेस' अशी नावं दिसली की समजायचं. 'नेव्हर' करून टाका, डीफ्रॅगसुद्धा.

कर्नलकाका
तळजाई, शक्यता रास्त आहे. पण दिसू दे आधी. हल्ली बऱ्याच वितरणांत ते 'मॅडव्हाइज'वर असतं, म्हणजे प्रोग्रामनं मागितल्याशिवाय देत नाहीत.

निशाचर
सिस्टिम सीपीयूचा विषय निघाला की मला १ जुलै २०१२ आठवतो. रविवार होता. ३० जूनच्या अखेरीस जागतिक घड्याळात एक लीप सेकंद घातला गेला, तो आपल्याकडे पहाटे साडेपाचला आला. त्या क्षणापासून जगभरातल्या लिनक्स मशीनवर मायएसक्यूएल आणि जावाच्या प्रोसेस सीपीयू खात सुटल्या. कर्नलच्या टायमरमध्ये चूक होती. झोपायला गेलेला थ्रेड लगेच जागा व्हायचा, परत झोपायला जायचा, परत जागा. उपाय इतका साधा होता की कुणाचा विश्वास बसेना: डेट कमांडनं आहे तीच तारीख-वेळ परत सेट करायची. सीपीयू तत्काळ खाली. बऱ्याच जणांनी तोवर सर्व्हर रीस्टार्ट करून टाकले होते.

भरत_नाट्य_फॅन
तांत्रिक काही कळत नाही, पण धागा वाचतोय. आमच्या आत्या अजूनही खिडकीवर जाऊन, प्लॅन डोळ्यांनी बघून, मधल्या रांगेतल्या कडेच्या दोन खुर्च्या घेतात. तिथे सर्व्हर कधी बसत नाही म्हणे!

स्वाती_बाणेर
आत्यांना नमस्कार सांगा. आमच्या घरीही खिडकीचाच आग्रह असतो, पण परगावाहून आईवडिलांसाठी तिकीट काढणाऱ्या मुलांना हेच ॲप लागतं.

नाट्यवेडा
आज एका मोठ्या नाटकाचा प्लॅन उघडला, सगळं टिपलंय. काका, तुमच्या क्रमानं देतो.

सीएस सेकंदाला १,८०,००० च्या आसपास. रन क्यू २०० च्या वर.
नव्या प्रोसेस सेकंदाला ३५० ते ४००.
पेजटेबल्स गर्दीआधी १ जीबीच्या आत, गर्दीत २१ जीबी.
एकूण कनेक्शन ५८० ते ६००. कमाल मर्यादा ६०० च ठेवलीय.
परफ टॉपमध्ये सगळ्यात वर कर्नलचा स्पिनलॉकचा (कुलूप मिळेपर्यंत सीपीयू फिरवत थांबण्याचा) संथ मार्ग, त्याखाली पेज फॉल्टची फंक्शन्स, मग 'झॅप पीटीई रेंज' आणि 'कॉपी पेज रेंज'. पोस्टग्रेसचं पहिलं फंक्शन बरंच खाली आहे.
ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस 'मॅडव्हाइज'. कॉम्पॅक्शन कुठेच दिसत नाही.
क्लॉकसोर्स, म्हणजे कर्नल वेळ कुठून घेतं ते, केव्हीएम-क्लॉक. हे कुणी विचारलं नव्हतं, दिसलं म्हणून लिहिलं.

तळजाई_टेकडी
मग माझी पैज हरली. क्लॉकसोर्स दिलात ते बरं केलंत. झेन या आभासी मशीन प्रणालीचं घड्याळ असतं तर प्रत्येक वेळ-विचारणीला खरा सिस्टिम कॉल पडतो, आणि पोस्टग्रेसची ट्रॅक आयओ टायमिंग ही सेटिंग चालू असेल तर ते चांगलंच महागात जातं. केव्हीएम-क्लॉक यूजर बाजूलाच वाचता येतं, तेव्हा तो मुद्दा बाद.

कर्नलकाका
वा, याला म्हणतात माहिती. आता शांतपणे वाचू.

सेकंदाला ४०० नव्या प्रोसेस. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस फोर्क करतो, म्हणजे स्वतःची प्रत काढून नवी जन्माला घालतो. म्हणजे तुमचं पीएचपी प्रत्येक विनंतीला नवं कनेक्शन उघडतंय, एक बारकी क्वेरी मारतंय आणि कनेक्शन बंद करतंय. दीड मिलिसेकंदाच्या क्वेरीसाठी एका अख्ख्या प्रोसेसचा जन्म, लॉगिन, कॅटलॉग वाचणं आणि मरण. नाटक बघायला आलेल्या प्रत्येक प्रेक्षकासाठी भिंत फोडून नवं दार बसवायचं आणि तो आत गेला की बुजवायचं, असा प्रकार चाललाय.

आता पेजटेबल्स. शेअर्ड बफर्स ३२ जीबी, पान ४ केबीचं. म्हणजे ८३,८८,६०८ पानं. प्रत्येक पानाची पेज टेबलमधली नोंद ८ बाइटची. एखाद्या प्रोसेसनं सगळे बफर्स कधी ना कधी हाताळले तर तिच्या एकटीची पेज टेबल ६४ एमबीची होते. मेमरी सामायिक आहे, पण ती दाखवणारी टेबल प्रत्येक प्रोसेसची आपापली. ६०० कनेक्शनना हे कमाल ३७ जीबीच्या वर जाऊ शकतं, तुमचं २१ पर्यंत गेलंय.

आणि फोर्क करताना लिनक्स सामायिक मेमरीच्या या नोंदी कॉपी करत नाही. नवी प्रोसेस ज्या ज्या पानाला पहिल्यांदा हात लावेल तिथे एक मायनर (डिस्कशी संबंध नसलेला) पेज फॉल्ट होतो आणि कर्नल नोंद भरतं. प्रोसेस मेली की त्या साऱ्या नोंदी पुसायच्या. झॅप पीटीई रेंज म्हणजे तेच पुसणं. कॉपी पेज रेंज हा फोर्कचा स्वतःचा खर्च. शेकडो प्रोसेस हे एकाच वेळी करतायत, म्हणून वर स्पिनलॉक.

खात्री हवी असेल तर सार, कॅपिटल बी पर्यायासह, त्यात सेकंदाला किती फॉल्ट ते बघा. मेजर जवळजवळ शून्य आणि एकूण लाखांत दिसतील असा माझा अंदाज.

इंडेक्सवाला
काका, पटलं. पण एक नोंद राहू द्या, कारण उद्या कुणी हा धागा वाचून 'सिस्टिम सीपीयू म्हणजे क्वेरी निर्दोष' असं ठरवेल. मोठं टेबल शेअर्ड बफर्समध्ये मावत नाही पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमध्ये मावतं, अशा वेळी इंडेक्सविना स्कॅन झाला तर पोस्टग्रेस ८ केबीचा एकेक ब्लॉक कर्नलकडून मागून घेतो. डिस्क हलतसुद्धा नाही, आयओ-वेट शून्य, आणि त्या कॉपीचा सगळा वेळ सिस्टिममध्ये मोजला जातो. वर्क मेम (सॉर्टसाठीची मेमरी) कमी असून सॉर्ट तात्पुरत्या फाइलींवर गेला तरी तसंच. इथे तसं नाही कारण परफमध्ये वाचनाची फंक्शन्स नाहीत. पण तपासायचं जरूर.

कर्नलकाका
शंभर टक्के सहमत. म्हणूनच परफ आधी, मत नंतर.

औंधकर
उपाय सोपा. पीएचपीत पर्सिस्टंट कनेक्शन चालू करा. झालं.

स्वाती_बाणेर
@औंधकर, त्यानं जन्म-मरण थांबेल, पण तीन ॲप सर्व्हरवर पीएचपीचे जेवढे वर्कर तेवढी कनेक्शन कायमची उघडी राहतील, रिकामी असली तरी. दीर्घायुषी प्रोसेस हळूहळू जास्तीत जास्त बफर्सना हात लावते, म्हणजे तिची ६४ एमबीची टेबल पूर्ण भरणार. पेजटेबल्सचा आकडा उलट वाढेल. शिवाय वर्करनं अर्धवट सोडलेला ट्रान्झॅक्शन किंवा बदललेली सेटिंग पुढच्या विनंतीला चिकटते.

माझं मत पीजीबाउन्सर, म्हणजे मोजकी कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा पूलर, तोही ट्रान्झॅक्शन मोडमध्ये: कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतंच द्यायचं. ॲपच्या बाजूनं हजार कनेक्शन येऊ देत, मागे पोस्टग्रेसकडे ५०-६० च पुरतात. ३२ कोअरची मशीन तसंही एका क्षणी त्याहून फार जास्त क्वेरी धड चालवू शकत नाही. पण आधी एक प्रश्न, नाट्यवेडा: खुर्ची धरून ठेवायला तुम्ही काय वापरता?

नाट्यवेडा
ॲडव्हायझरी लॉक, म्हणजे ॲपनं स्वतः ठरवलेल्या क्रमांकावर घ्यायचं पोस्टग्रेसचं कुलूप. ग्राहकानं खुर्ची निवडली की लॉक घेतो, त्याच विनंतीत पुढे तपासणी करून नोंद करतो आणि शेवटी सोडतो.

स्वाती_बाणेर
सेशनवाला, म्हणजे कनेक्शन असेपर्यंत टिकणारा, की ट्रान्झॅक्शनवाला? सेशनवाला असेल तर ट्रान्झॅक्शन पूलिंगमध्ये घात होईल. लॉक एका सर्व्हर कनेक्शनवर घेतला जाईल, सोडायची आज्ञा दुसऱ्यावर पोचेल, आणि पहिला लॉक तसाच लटकत राहील. कुणालाच विकली न गेलेली खुर्ची कुणालाच मिळणार नाही.

ट्रान्झॅक्शनसोबत आपोआप सुटणारा प्रकार वापरा. त्याहून बरं म्हणजे खुर्चीच्या ओळीतच 'कुणासाठी धरली' आणि 'केव्हापर्यंत' असे दोन रकाने ठेवा आणि एकाच अपडेटमध्ये अट घालून धरा: मुदत संपली असेल तरच. एक ओळ बदलली तर खुर्ची तुमची, शून्य बदलल्या तर दुसऱ्याची. 'कोणत्याही चार द्या' अशी मागणी असेल तर दुसऱ्यानं धरलेल्या ओळी वगळणारा स्किप लॉक्ड आहेच, पोस्टग्रेस ९.५ पासून.

लिसन-नोटिफाय, सेशनभर राहणाऱ्या सेट आज्ञा, तात्पुरती टेबलं यांचाही एकदा शोध घ्या. प्रिपेअर्ड स्टेटमेंट पीजीबाउन्सर १.२१ पासून सांभाळतो, त्याच्या आधीची आवृत्ती घेऊ नका.

हिंजवडी_फेज३
पण पीजीबाउन्सर एकाच थ्रेडवर चालतो ना? मग नवी अडचण.

स्वाती_बाणेर
हो, एक प्रोसेस एकच कोअर वापरते. पण इतक्या बारक्या क्वेरींना एक कोअर बराच पुरतो. कमी पडला तर एकाच पोर्टवर अनेक प्रोसेस चालवायची सोय त्यात आहे.

बाकरवडी
सगळे कनेक्शनबद्दल बोलताय, पण एवढ्या विनंत्या येतात कशाला हे कुणी विचारेना. प्लॅन उघडल्यावर ब्राउझर दर किती सेकंदांनी खुर्च्यांची स्थिती मागतो?

नाट्यवेडा
दर दोन सेकंदांनी. प्रत्येक उघड्या टॅबमधून.

बाकरवडी
झालं की मग. ९०० लोक एकाच प्रयोगाचा तोच प्लॅन बघत बसलेत आणि तोच प्रश्न सेकंदाला ४५० वेळा डेटाबेसला विचारला जातोय. उत्तर सगळ्यांना एकच. ते ॲप सर्व्हरवर सेकंदभर कॅश करा. तीन ॲप सर्व्हर म्हणजे सेकंदाला तीन क्वेरी. खुर्ची धरताना मात्र थेट डेटाबेस, तिथे कॅश चालणार नाही. पूलर लावाच, पण त्याच्या आधी हे करा, कोडच्या चार ओळी आहेत.

औंधकर
सेकंदभर जुना प्लॅन दाखवला तर लोक गेलेल्या खुर्चीवर क्लिक करतील आणि शिव्या घालतील.

बाकरवडी
आत्ताही दोन सेकंदांनीच ताजा होतो, आणि गर्दीत तर उत्तर यायलाच सेकंद लागतो. जुनंच बघतायत ते. सेकंदभराच्या कॅशनं उलट ताजं दिसेल.

कर्नलकाका
बाकरवडी यांनी मुळावर बोट ठेवलंय. मी मशीनच्या आत बघत होतो, त्यांनी दाराबाहेरची रांग बघितली. क्रम असा घ्या: आधी कॅश, मग पूलर, मग ह्यूज पेजेस. प्रत्येक पायरीनंतर तेच आकडे परत टिपा. तिन्ही एकदम केलंत तर कशानं गुण आला ते कळणार नाही.

सदाशिवपेठी
हे ह्यूज पेजेस आणि वर तळजाई बंद करायला सांगत होते ते, एकच का? घोळ झाला.

तळजाई_टेकडी
नाही. मी म्हणत होतो ते कर्नल आपल्या मर्जीनं, चालता चालता बनवतं. पोस्टग्रेससाठी आपण आधीच मोजून राखून ठेवतो ती वेगळी. ९.४ पासून त्याची सेटिंग आहे, मूळ मूल्य 'ट्राय'. मिळाली तर वापरतो, नाही मिळाली तर मुकाट्यानं ४ केबीवर उतरतो. त्यामुळे कित्येकांना वाटतं की चालू आहे, आणि प्रत्यक्षात नसतं.

नाट्यवेडा
पहिल्या दोन पायऱ्या झाल्या. आधी कॅश टाकला, तेवढ्यानंच पुढच्या मोठ्या प्लॅनला सिस्टिम ७० वरून २५ च्या आसपास आला. नंतर खुर्ची धरायची पद्धत स्वातीताईंनी सांगितली तशी बदलली (आमचे लॉक सेशनवालेच होते), मग पीजीबाउन्सर लावला, मागे ६० कनेक्शन. काल रात्री जाहिरात आलेल्या नाटकाचा प्लॅन आज उघडला. सिस्टिम ६ ते ८ टक्के, नव्या प्रोसेस सेकंदाला दोन-चार, सीएस चौथ्या हिश्शावर. क्वेरी २ मिलिसेकंदांत. एकाही निर्मात्याचा फोन नाही. सगळ्यांचे मनापासून आभार, हा धागा टीममध्ये सगळ्यांना वाचायला दिलाय.

पेजटेबल्स मात्र हळूहळू वाढत ३ जीबीच्या पुढे गेलेत. ह्यूज पेजेस आता करावंच का?

कर्नलकाका
फार छान! ६० कनेक्शन गुणिले ६४ एमबी म्हणजे कमाल ३.८ जीबी, तुमचा आकडा बरोबर तिकडेच निघालाय. १२८ जीबीच्या मशीनला हे डोईजड नाही, पण ह्यूज पेजेस करा असंच सांगेन. २ एमबीच्या पानानं ३२ जीबीला १६,३८४ नोंदी लागतात, म्हणजे प्रत्येक प्रोसेसला १२८ केबी. ६४ एमबीच्या जागी.

शेअर्ड बफर्सखेरीज इतर सामायिक मेमरीही त्यात धरावी लागते. १५ पासून पोस्टग्रेस स्वतःच किती पानं लागतील ते सांगतो. तुम्ही १४ वर आहात, तेव्हा पोस्टमास्टर या मुख्य प्रोसेसचा 'व्हीएमपीक' (तिनं घेतलेली कमाल आभासी मेमरी) बघा, २०४८ केबीनं भागा, वर थोडी राखीव. कर्नलला तेवढी पानं सिसकंट्रोलमधून द्या. मशीन बराच काळ चालू असेल तर सलग मेमरी मिळणार नाही, म्हणून बूटच्या वेळीच राखा. मग सेटिंग 'ट्राय' न ठेवता 'ऑन' करा. पानं कमी पडली तर पोस्टग्रेस सुरूच होणार नाही, आणि चूक तिथल्या तिथे कळेल. पहाटे रीस्टार्ट घ्या, गर्दी नसते तेव्हा.

वारजे_ब्रिज
उशिरा आलो. आमच्याकडे अगदी हीच लक्षणं आहेत, पण डेटाबेस क्लाउडवाल्यांनी सांभाळलेला. मशीनवर लॉगिनच नाही, परफ कुठून लावू?

स्वाती_बाणेर
@वारजे_ब्रिज, तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. लॉग कनेक्शन्स आणि लॉग डिसकनेक्शन्स चालू करा. प्रत्येक सेशन किती वेळ जगलं ते डिसकनेक्शनच्या ओळीत येतं. ढिगानं सेशन अर्ध्या सेकंदाच्या आत मरत असतील तर तुमचंही तेच दुखणं. दुसरं, पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी या चालू कनेक्शनच्या यादीत 'बॅकएंड स्टार्ट'चा (कनेक्शन सुरू झाल्याच्या वेळेचा) रकाना गर्दीच्या वेळी दोनदा बघा. दुसऱ्यांदा बघताना जवळजवळ सगळ्या वेळा नव्या असतील तर खात्री झाली. पीजीबाउन्सरला डेटाबेस मशीनवर जागा लागत नाही, तुमच्या ॲप सर्व्हरवर टाका. गर्दीतल्या दहा मिनिटांचा लॉग, नावं-पत्ते काढून, इथे टाकलात तर मिळून बघू.